पेंढा भरलेला खंड्या आणि आपले दोन डोळे: १८५० च्या पद्धतीचं स्टिरिओ स्थिरचित्र कसं काढायचं

इंटरमिजिएटच्या परीक्षेतलं स्थिरचित्र आठवतंय का? एक मडकं, मागे घड्या पाडलेला पडदा, पुढे दोन केळी आणि एखादं वांगं, आणि सगळं असं शेजारी शेजारी ठेवलेलं की वर्गातल्या प्रत्येकाला नीट दिसावं. माझ्या हाताला तीच सवय होती. एका कॉलेजच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटच्या कपाटात पेंढा भरलेला खंड्या आहे, मॅडमची परवानगी काढून त्याचे मी दोन फोटो काढले, एक डाव्या डोळ्याचा एक उजव्या डोळ्याचा, कार्ड बनवलं, व्ह्यूअरमध्ये घातलं आणि बघते तर खंड्या, फांदी आणि मागची टोपली सगळं एकाच भिंतीला चिकटवल्यासारखं! कॅमेरा बरोबर होता, अंतर बरोबर होतं, चुकली होती ती मांडणी. स्टिरिओत, म्हणजे दोन डोळ्यांसाठी काढलेल्या आणि व्ह्यूअरच्या दोन भिंगांतून बघायच्या जोडफोटोत, खोली (वस्तू पुढे-मागे असल्याचा भास) आधी टेबलावर तयार करावी लागते, कॅमेरा ती फक्त उचलतो. हे १८५० च्या दशकात लंडन-पॅरिसमधल्या फोटोवाल्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्यांची कामं बघत बघतच मी ते शिकले, म्हणून हा लेख जरा मोठा झालाय, सावकाश वाचा.

आधी थोडं मागचं, कारण पुढच्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत

चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये दाखवून दिलं की दोन डोळ्यांना थोडी वेगवेगळी चित्रं दिसतात आणि त्यातूनच मेंदू खोली बनवतो. तेव्हा फोटोग्राफी जाहीरसुद्धा झाली नव्हती, त्याने हाताने काढलेल्या आकृत्या आरशांच्या यंत्रात बघितल्या. मग १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा छोटा हातात धरायचा स्टिरिओस्कोप मांडला, पॅरिसच्या ज्यूल द्युबॉस्कने तो बनवून १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ठेवला, राणी व्हिक्टोरियाला तो आवडला आणि मग काय, घरोघरी खूळच लागलं. १८५४ मध्ये लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी सुरू झाली, तिची जाहिरातच अशी की स्टिरिओस्कोपशिवाय एकही घर नको.

आता यात स्थिरचित्र कुठून आलं? अगदी सुरुवातीपासूनच होतं. द्युबॉस्कचा १८५० च्या सुमाराचा कवटीचा स्टिरिओ डगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा फोटो) आहे, लंडनच्या टी. आर. विल्यम्सचा ‘सँड्स ऑफ टाइम’ आहे, त्यात कवटी आणि वाळूचं घड्याळ. मृत्यूची आठवण करून देणाऱ्या जुन्या डच चित्रांची ती सरळ पुढची पिढी. त्याच डच परंपरेत मारलेल्या शिकारीची चित्रं होती, एका पायाला दोरी बांधून उलटे टांगलेले तितर आणि बदकं, खाली शिकारीची पिशवी, बाजूला बंदूक. फोटोवाल्यांनी तो विषय जसाच्या तसा उचलला. आदोल्फ ब्राउनने तर १८६० च्या दशकात हरीण आणि रानपक्षी टांगून जवळजवळ पेंटिंगएवढे मोठे कार्बन प्रिंट काढले. ते स्टिरिओ नाहीत, पण मांडणी शिकायची तर त्यांच्याकडूनच शिका.

पक्षीच का, आणि तेही मेलेले किंवा पेंढा भरलेले का, याचं एक साधं कारण म्हणजे वेळ. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची ओल्या कोलोडियनची, म्हणजे काचेवर रसायनाचा ओला थर देऊन फोटो काढायची पद्धत आली, तिच्यात घरातल्या उजेडात एक्स्पोजर काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत जायचं, एवढा वेळ कुठला जिवंत पक्षी बसणार? त्यातून सुरुवातीला बरेच जण एकाच भिंगाचा कॅमेरा वापरायचे, एक फोटो काढायचा, कॅमेरा बाजूला सरकवायचा, दुसरा काढायचा. १८५३ मध्ये लॅटिमर क्लार्कने त्यासाठी कॅमेरा समांतर सरकवणारी एक चौकट तयार केली. दोन भिंगांचा कॅमेरा मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सरने त्याच सुमाराला बनवला आणि १८५६ मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे त्याआधी दोन फोटोंच्या मधे जे काही हललं ते जोडीत बसणारच नाही. पेंढा भरलेला पक्षी हलत नाही. ताजी शिकारसुद्धा थोडी सैल पडते, मान लांबते, पंख घसरतो, पण पेंढा भरलेला पक्षी काल होता तसाच आज.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साध्या फोटोत पक्ष्याचं पोट म्हणजे करड्या रंगाचा एक गोळा असतो, पण तोच स्टिरिओत बघा, प्रत्येक पीस दुसऱ्यावर कसं चढलंय, कानाजवळची बारीक पिसं कशी उभी आहेत, पंखाखाली अंधार कुठे सुरू होतो ते सगळं सुटं सुटं होतं, अगदी बोट घालावंसं वाटतं. पिसांसारखा स्टिरिओला मानवणारा दुसरा विषय मला तरी माहीत नाही.

वेल्समध्ये स्वान्सीजवळ पेन्लेर्गेर इथे जॉन डिलविन लेवेलिन नावाचा जमीनदार होता, त्याने १८५६ मध्ये पाण्याकाठी पेंढा भरलेला बगळा उभा करून फोटो काढला आणि नाव ठेवलं ‘पिस्केटर’, म्हणजे मासे धरणारा. साधाच फोटो आहे तो, स्टिरिओ नाही, पण बघणाऱ्याला बगळा जिवंत वाटतो कारण त्याने पक्षी घरात न ठेवता गवतात नेला. आणि अमेरिकेत कोलोरॅडोच्या मार्था मॅक्सवेल या बाईंनी स्वतः पेंढा भरलेले प्राणी-पक्षी १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या शतकोत्सवी प्रदर्शनात अख्खा डोंगर रचून मांडले, ‘वुमन्स वर्क’ अशी पाटी लावून, आणि त्या मांडणीची स्टिरिओ कार्डं प्रदर्शनात विकली गेली. बाईंचं काम कार्डांवरून आजही बघता येतं, त्यांचा डोंगर मात्र केव्हाच गेला.

पहिली पायरी: पक्षी कुठून आणायचा (इथे घाई करू नका)

भारतात आपण हे करतोय तर कायदा आधी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यानुसार पेंढा भरलेले रानपक्षी विकणं-विकत घेणं याच्या भानगडीत अजिबात पडायचं नाही, ऑनलाइन कुणी ‘अँटिक’ म्हणून देत असेल तरी नाही. रस्त्यात मेलेला पक्षी सापडला, उचलून आणला आणि स्वतः पेंढा भरला, हेही चालत नाही. कुणाच्या जुन्या वाड्यात आजोबांच्या काळातलं काही असेल तर वन विभागाचं मालकीचं प्रमाणपत्र आहे का ते आधी विचारा, नसेल तर त्याचे फोटो नेटवर टाकून त्या घराला अडचणीत आणू नका.

मग उरतात तीन सरळ रस्ते. एक, कॉलेजची झूऑलॉजी डिपार्टमेंट. जुन्या कॉलेजांत घुबड, खंड्या, हुदहुद, बगळा असं काहीतरी काचेच्या कपाटात असतंच, विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि कपाटाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्या मामांशी नीट बोला, कुठल्या पक्ष्याचा पाय सैल आहे आणि कुठल्याला हात लावायचा नाही हे त्यांनाच माहीत असतं. दोन, म्युझियम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नैसर्गिक इतिहासाचं दालन आहे, बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) मदतीने उभं राहिलेलं, तिथले पक्ष्यांचे देखावे बघायला तरी जाच, एक डोळा मिटून बघा मग दोन्ही उघडून बघा, मांडणीत खोली कुठून येते ते पाच मिनिटांत समजतं. फोटोचे आणि ट्रायपॉडचे नियम तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. तीन, पाळीव पक्षी. कोंबडा, बदक, टर्की यांना हा रानपक्ष्यांचा नियम नाही. पोल्ट्रीवाल्याकडून पिसांसकट कोंबडा आणून शिकारीसारखा टांगून सराव करता येतो, आणि इतिहासाच्या दृष्टीनेसुद्धा ते खोटं नाही, त्या काळचे बरेच पक्षी खाटकाकडचेच असायचे. फक्त ग्लोव्हज आणि मास्क लावा, चोचीत कापूस घाला नाहीतर रक्त गळतं, अंग ताठ व्हायच्या आत पोझ द्या, दोन-तीन तासांत काम उरका आणि तो कोंबडा नंतर खाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष. फ्रान्समधल्या मेत्झ गावच्या बेकूर नावाच्या औषधवाल्याने १८ व्या शतकात आर्सेनिकचा साबण शोधला, त्याने कातडी किड्यांपासून वाचायची, आणि मग जगभर पुढची दीडशे-दोनशे वर्षं तोच वापरात होता. आपल्याकडच्या जुन्या नमुन्यांतही तो असू शकतो. पिसांच्या मुळाशी, डोळ्यांभोवती, पायांजवळ पांढरट पावडर दिसली तर सावध, आणि नाही दिसली तरी आहे असंच समजून चालायचं. नायट्राइल ग्लोव्हज, एन-९५ मास्क, फुंकर मारायची नाही, कापडाने झटकायचं नाही, काम झालं की साबणाने हात, आणि टेबलावर ओला कागद अंथरून शेवटी तो गुंडाळून टाकून द्यायचा. डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर खिडकी उघडी ठेवा. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली: स्थिरचित्रात आपण पक्ष्याशेजारी द्राक्षं, सीताफळ, पेरू ठेवतो ना, ती फळं नंतर कुणीही खायची नाहीत. मी त्या दिवशी मामांच्या हातात पेरू ठेवला होता आणि मग आठवण होऊन धावत जाऊन परत घेतला, अजून तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो.

दुसरी पायरी: मांडणी (सगळा जीव इथे आहे)

स्थिरचित्राची डावी-उजवी बाजू विसरा आणि पुढे-मागे असा विचार करा. मी टेबलावर खडूने तीन रेघा मारते. कॅमेऱ्यापासून पहिली ९० सेंमीवर, दुसरी ११० वर, तिसरी १४० वर, आणि भिंत किंवा पडदा त्याच्याही मागे १६० च्या आसपास. पहिल्या रेघेवर काहीतरी छोटं आणि बारीक, वाळकी काटकी, गळलेलं पान, टोपलीचा कान. दुसऱ्या रेघेवर पक्षी. तिसऱ्यावर मोठी वस्तू, हंडा किंवा कलंडलेली रोवळी. आणि या रेघांना जोडणारं काहीतरी तिरकं हवंच, म्हणजे पुढून मागे जाणारी एखादी फांदी, नाहीतर तीन वेगवेगळे पडदे एकामागे एक लावल्यासारखं दिसतं, आणि जुन्या स्वस्त कार्डांमध्ये हा दोष खूप आहे.

पक्षी बाजूने ठेवू नका, म्हणजे पक्ष्यांच्या पुस्तकात असतो तसा नको, तो सपाटच दिसणार. चोच आपल्याकडे तिरकी आली पाहिजे, साधारण अर्ध्या वळणावर, एक खांदा पुढे, शेपूट मागे अंधारात जाणारी. खंड्याची चोच लांब असते म्हणून तो या कामाला फार सुंदर, बगळा आणि हुदहुदसुद्धा. घुबडाचा चेहरा मात्र सपाट थाळीसारखा, पण त्याच्या चेहऱ्याभोवतीचं पिसांचं कडं स्टिरिओत असं काही उठून येतं की बघतच राहावं.

टांगायचा असेल तर भिंतीपासून निदान एक वीत पुढे टांगा, म्हणजे सावली मागच्या भिंतीवर वेगळी पडेल आणि मधली हवा दिसेल, ती हवा दिसली की फोटो जमला. पण एका दोऱ्याने टांगला की तो हळूहळू फिरत राहतो, आपल्याला कळतही नाही, आणि दोन फोटोंत चोच वेगळ्या दिशेला जाते. दोन दोरे लावा, पंखा बंद करा, दार लावा आणि पाच मिनिटं थांबा. हे टांगणं कोंबड्यासाठीच हं, कॉलेजचा जुना नमुना टांगायचा नाही, त्याचा पाय तुटेल.

पाठीमागे काय लावायचं यावर मी खूप प्रयोग केले. गुळगुळीत रंगवलेली भिंत नको, डोळ्याला पकडायला तिच्यात काहीच नसतं त्यामुळे ती कुठे आहे तेच कळत नाही. पट्ट्यापट्ट्यांची चादर, चौकडी, जाळी हेही नको, सारखी नक्षी पुन्हा पुन्हा आली की डोळे चुकीच्या पट्ट्या जुळवतात आणि चादर पुढे-मागे उडी मारते. सगळ्यात छान म्हणजे गोणपाट, जुनं खिळे दिसणारं दार, किंवा राखाडी घोंगडी, घोंगडीचा खरबरीतपणा पिसांच्या मऊपणाशेजारी इतका बोलतो की मला तर आता दुसरं काही लावावंसंच वाटत नाही.

तांब्या-पितळ्याची भांडी एखादंच ठेवा. त्यावरची चकाकी डाव्या डोळ्याला एका जागी आणि उजव्याला दुसऱ्या जागी दिसते, त्यामुळे धातू खरोखर लखलखतो, पण दोन-तीन भांडी झाली की नजर पक्ष्यावर टिकत नाही. आणि फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेने कापली जाणारी कुठलीही वस्तू पुढच्या रेघेवर नको, ते का ते पुढे येईलच.

मांडून झालं की एक डोळा मिटा. मग उघडा. दोन्हींत फार फरक वाटला नाही तर मांडणी मोडून पुन्हा करा, कॅमेरा अजून हातात घ्यायचा नाही.

तिसरी पायरी: उजेड

उत्तरेची खिडकी, तिला पांढरा पातळ पडदा, उजेड बाजूने, आणि समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट परावर्तनासाठी. फ्लॅश नको, पिसं चपटी होतात. त्या काळचे स्टुडिओसुद्धा काचेच्या छपरांचे, उत्तरेकडून उजेड घेणारे असायचे. थेट ऊन घेतलंत तर दोन फोटोंच्या मधे सावली सरकते, ढग आला तर एक फोटो काळा एक पांढरा होतो, आणि अशी जोडी बघताना डोळे चुरचुरतात. म्हणून मी भरून आलेल्या पावसाळी दुपारी काढते, उजेड तासभर तसाच राहतो.

पक्ष्याचा काचेचा डोळा विसरू नका. त्यात खिडकीचा एकच ठिपका दिसला पाहिजे. आपण पांढरा शर्ट घालून उभे असलो तर तोही त्यात दिसतो, आणि दुसऱ्या फोटोच्या वेळी आपण जागा बदललेली असते. गडद कपडे घाला. नमुना काचेच्या हंडीत किंवा कपाटात बंद असेल तर काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स काढा, कारण काचेवरचं प्रतिबिंब स्टिरिओत पक्ष्याच्या पुढे-मागे कुठेतरी अधांतरी लटकतं, साध्या फोटोत चालून जातं तसं इथे चालत नाही.

चौथी पायरी: कॅमेरा किती सरकवायचा

या प्रश्नावर १८५० च्या दशकात खरोखर वाद झाले. ब्रूस्टरचं म्हणणं, माणसाच्या डोळ्यांत अडीच इंच अंतर आहे तर भिंगांतही तेवढंच हवं. बाकीचे कॅमेरा जास्त सरकवायचे, खोली जास्त दिसते म्हणून, आणि मग चेहरे लांबुडके आणि इमारती खेळण्यासारख्या दिसायच्या.

आज आपण सोपा हिशोब वापरतो: सगळ्यात जवळच्या वस्तूच्या टोकापर्यंतचं अंतर भागिले ३०. टोक ९० सेंमीवर असेल तर ३० मिमी सरकवा, ६० सेंमीवर असेल तर २० मिमी, १२० वर असेल तर ४०. भिंत जवळच असल्यामुळे आपल्याला थोडी सूट मिळते, ९० सेंमीला ४० मिमीपर्यंत मी जाते, पण त्यापुढे गेलात की पक्ष्याची चोच भाल्यासारखी लांब होते आणि डोळे दुखतात. साडेसहा सेंमी, म्हणजे डोळ्यांएवढं अंतर, साधारण दोन मीटरवरच्या वस्तूला बरोबर बसतं, त्यामुळे ‘डोळ्यांएवढं ठेवा’ हा सल्ला टेबलावरच्या कामाला जशाचा तसा लागू होत नाही.

सरकवायचं कसं? लॅटिमर क्लार्कच्या चौकटीची घरगुती आवृत्ती म्हणजे टेबलाला चिकटपट्टीने लावलेली स्टीलची पट्टी, तिला टेकवून एक जड ठोकळा आणि त्याला पक्का बसवलेला कॅमेरा किंवा मोबाइल. पट्टीवरच मिमी दिसतात. कॅमेरा फक्त सरकला पाहिजे, वळता कामा नये. पक्षी दोन्ही फोटोंत मधोमध यावा म्हणून तो आतल्या बाजूला वळवायचा मोह होतो, नवीन असताना मीही वळवला, मग फोटोंचे चौकोन तिरके होतात, टेबलाची कड एका डोळ्याला चढती दुसऱ्याला उतरती, आणि चित्र जुळता जुळत नाही. समांतरच ठेवा, मधोमध आणायचं काम क्रॉप करताना करू.

म्युझियममध्ये ट्रायपॉड चालत नसेल तर हातानेच: दोन्ही पायांवर उभं राहायचं, भार डाव्या पायावर, फोटो, भार उजव्या पायावर, फोटो. सरावाने चांगलं जमतं.

सेटिंग थोडक्यात: आयएसओ १००, एफ ११ किंवा १६ म्हणजे पुढची काटकी आणि मागची घोंगडी दोन्ही शार्प, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल, दोन सेकंदांचा टायमर. मोबाइलवर पक्ष्याच्या डोळ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, मेन कॅमेराच वापरा, वाइड नको. आणि जोडी एकच काढू नका, डावा उजवा डावा उजवा असे चार-पाच वेळा काढा. ओल्या प्लेटवाल्यांना काच वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, सगळं उरकावं लागायचं. आपल्याला ती घाई नाही.

पाचवी पायरी: डावा कुठला, उजवा कुठला, आणि खिडकी

फायली मिसळल्या तर ओळखायची खूण सोपी आहे. ज्या फोटोत पुढची काटकी मागच्या घोंगडीच्या तुलनेत डावीकडे सरकलेली दिसते तो उजव्या डोळ्याचा. अदलाबदल झाली तर खोली उलटी होते, पक्षी साच्यासारखा आत गेलेला दिसतो. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातून एका काचेवर घेतलेल्या जोडीचा प्रिंट काढला की तो असाच उलटा यायचा, म्हणून त्या काळी प्रिंट मधोमध कापून, जागा बदलून मगच पुठ्ठ्यावर चिकटवत.

जुळवायला स्टिरिओफोटो मेकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते वर-खालचा आणि तिरकेपणाचा फरक आपोआप काढून टाकतं. मग क्रॉप. समांतर काढलेल्या जोडीत डाव्या फोटोची डावी कड आणि उजव्या फोटोची उजवी कड कापत जायचं, जोपर्यंत सगळ्यात पुढची वस्तू दोन्ही फोटोंत आपापल्या डाव्या कडेपासून सारख्याच अंतरावर येत नाही तोपर्यंत. असं झालं की फोटोची चौकट खिडकीसारखी दिसते आणि सगळी मांडणी त्या खिडकीच्या पलीकडे बसते. थोडी कमी कापली तर पुढची काटकी खिडकीतून बाहेर आपल्याकडे येते, फार छान दिसतं, पण तीच काटकी कडेने कापलेली असेल तर मेंदूचा गोंधळ होतो, वस्तू पुढे आहे आणि तरी मागच्या चौकटीने कापलीये हे त्याला पटत नाही. म्हणून मांडणीच्या वेळीच कडा मोकळ्या ठेवायला सांगितलं.

सहावी पायरी: जुना रंग

जुन्या फोटोंचा रंग म्हणजे नुसता सेपिया फिल्टर नव्हे. कोलोडियनला फक्त निळा-जांभळा उजेड दिसायचा, लाल-पिवळा जवळजवळ नाहीच. त्यामुळे एडिटिंगमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना फक्त निळा चॅनल ठेवा. खंड्याचं काय होतं बघा, निळे पंख फिकट, जवळजवळ पांढुरके, तपकिरी डोकं आणि पोट काळंकुट्ट, लाल चोच काळी, आणि गळ्याचा पांढरा डाग एकदम झगझगीत. पहिल्यांदा मला ओळखूच आला नाही. हळद्यासारखा पिवळा पक्षी तर पार काळा पडेल. त्या काळचा पक्ष्याचा फोटो बघताना त्यावरून रंगाचा अंदाज बांधायचा नाही हे मी यातूनच शिकले. त्यानंतर किंचित जांभळट तपकिरी छटा द्या, सोन्याच्या टोनिंगच्या अल्ब्युमिन प्रिंटसारखी (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचे त्या काळचे प्रिंट).

हाताने रंग भरायचा असेल, त्या काळी बरेच भरायचे, तर मॅट प्रिंटवर पातळ वॉटरकलर, आणि दोन्ही चित्रांत अगदी त्याच जागी. रेघभर इकडे-तिकडे झालं की तो रंग पिसावर न बसता हवेत तरंगतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून एकेक पीस आधी डावीकडे लगेच उजवीकडे असं भरत जा.

सातवी पायरी: कार्ड

ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८६१ मध्ये साधा हातातला व्ह्यूअर बनवला आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही, म्हणून तो सगळीकडे पसरला. त्यात बसणारं नेहमीचं कार्ड ७ इंच रुंद, साडेतीन इंच उंच. आपल्याकडच्या लॅबमध्ये ५ बाय ७ चा मॅट प्रिंट सहज मिळतो, रुंदी तीच, उरलेली दीड इंचाची पट्टी कापून टाका. दोन चित्रं प्रत्येकी सुमारे ३ इंच रुंद, आणि दोन्हींतल्या सारख्या बिंदूंमधलं अंतर ७५ मिमीच्या आसपास. व्ह्यूअरशिवाय नुसत्या डोळ्यांनी, डाव्याने डावं आणि उजव्याने उजवं चित्र असं बघायचं असेल तर हेच अंतर ६० मिमी ठेवून लहान प्रिंट काढा, कारण डोळे बाहेरच्या बाजूला वळत नाहीत. राखाडी पुठ्ठ्यावर, खळीने, फुगे न येऊ देता चिकटवा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. कार्ड किंचित आत वळलेलं असलं तरी हरकत नाही, १८८० नंतरची कार्डं मुद्दाम वळवलेली असायची.

व्ह्यूअर नसेल तर साधे दोन भिंगांचे पुठ्ठ्याचे व्ह्यूअर मिळतात. आपल्या पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्या ‘क्वीन’ बँडचा गायक, त्याच बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याने लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी या काळात पुन्हा सुरू केली आणि ‘आउल’ नावाचा घडीचा व्ह्यूअर स्वतः डिझाइन केला, मी तोच वापरते. टी. आर. विल्यम्सच्या कामावरही मे यांनी वर्षानुवर्षं शोध घेतलाय.

पावसाळ्यात कार्डं बुरशी धरतात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दोन कार्डांमधे पातळ कागद.

आणि चिकटवून वाळलं की त्याच दिवशी मागे पेन्सिलीने लिहा, नंतर लिहू म्हणून ठेवलेली माझी बरीच कार्डं तशीच कोरी आहेत. पक्ष्याचं नाव, नमुना कुठला आणि कुणाच्या परवानगीने, तारीख, जवळचं अंतर, कॅमेरा किती सरकवला, आणि ‘पेंढा भरलेला’ हे दोन शब्द. माझ्या खंड्याच्या दुसऱ्या कार्डामागे आहे: झूऑलॉजी कपाट क्रमांक ३, श्रावणातली दुपार, ९० सेंमी, ३५ मिमी, मागे घोंगडी, चोच अर्धी आपल्याकडे, पेंढा भरलेला. ते कार्ड मी मामांना दाखवलं तेव्हा त्यांनी व्ह्यूअर डोळ्यांना लावून दुसऱ्या हाताने चोचीला हात लावायला बोट पुढे केलं.